पाच घरच्या चिंध्या

शिंप्याला लोक जन्मभर एकच प्रश्न विचारतात, "कापड किती उरलं?" आणि तो जे सांगेल ते खोटंच धरतात. "सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा" असं म्हणून हसतात आणि पुन्हा आमच्याकडंच येतात, कारण उघडं फिरता येत नाही. हे ऐकून ऐकून माझे कान किटले. आता मशीनही बंद आहे आणि डोळेही. सुईत दोरा शेजारची मुलगी ओवून देते, तोही उपकार केल्यासारखा. तेव्हा खरं सांगायला आता हरकत नाही. होय, उरायचं. दोन बोटं, चार बोटं, कधी वीतभर. त्या उरलेल्या तुकड्यांचीच ही हकिगत आहे.

मी भूमच्या बाजूच्या एका लहान गावचा. तेव्हा निजामाचं राज्य होतं. घर महारवाड्यातलं, पण बाप मिशनमध्ये ख्रिस्ती झालेला, म्हणून मला चार यत्ता शाळा आणि शिवणकाम मिळालं. पुढं हातानं फिरवायची एक मशीन मिळाली. ती टोपलीत घालून डोक्यावर घ्यायची आणि बाजार गाठायचे. एक दिवस भूम, एक दिवस तेरखेडा, मधले दिवस आसपासची खेडी. मान आजही डावीकडं कलते ती त्या टोपलीमुळं. लोकांना वाटतं मी नम्र आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिंपी टेपनं माप घेतो. मला सुरुवातीची कैक वर्षं टेप लागलीच नाही. गावातल्या लोकांना माझा हात लागून चालत नसे. ते जुना सदरा लांबून टाकायचे, "यापरीस दोन बोटं ढिला कर" म्हणायचे. ज्यांच्याकडं जुना सदराच नसे ते चार पावलांवर उभे राहायचे आणि मी नजरेनं माप घ्यायचो. नजर अशी बसली होती की माणूस जेवून आलाय की उपाशीपोटी, हेही सांगायचो.

तहसिलीतल्या एका पेशकारसाहेबांनी मात्र वेगळीच गंमत केली. ईदची शेरवानी शिवायची होती. मापाला त्यांनी तरुणपणची शेरवानी पाठवली. मी निरोप धाडला, "साहेबांची छाती तेवढीच हाय, पोटाला तेवढी तरक्की मिळालीय." साहेब भडकले. म्हणाले, जे माप दिलंय त्याच मापाची शीव. शिवली. ईदला पहिल्याच गळाभेटीत दोन बटणं उडाली. चौथ्या दिवशी साहेब स्वतः आले, अगदी जवळ येऊन हात वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "लो मास्टर, अब नापो." आयुष्यात मी टेपनं मापलेलं ते पहिलं मोठं माणूस.

पण माझं खरं नाव शेरवानीत नव्हतं. ते होतं चिंध्यांत.

ज्या बाईची मुलं जगत नसत, तिला पुन्हा मूल झालं की त्याला विकतचं कापड घालायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. आईनं पाच घरी पदर पसरून चिंध्या मागायच्या आणि त्या जोडून बाळाचं अंगडं शिवायचं. नाव ठेवायचं धोंडू, दगडू, केरू, उकिरडा. म्हणजे मरण दाराशी आलं तर त्याला वाटावं, हे कुणा भिकाऱ्याचं टाकलेलं पोर, हे नेऊन करायचं काय! चिंधी जितक्या हलक्या घरची तितकी गुणाची, असाही समज होता. त्यामुळं माझ्या चिंधीला मोठा मान. अंगाला माझा हात चालत नव्हता, पण लेकराच्या अंगाला माझी चिंधी चालायची. मी मनात म्हणायचो, वा रे वा! आणि द्यायचो.

अंगडं शिवायचीही एक हातोटी असते. पाच तऱ्हेचं कापड, एक जाडंभरडं, एक विरलेलं, एक ताणणारं. नुसतं जोडलं तर एका धुण्यात वाकडं होतं. आणि शिवणी आत ठेवल्या तर बाळाच्या कोवळ्या अंगाला टोचतात. मी त्या बाहेरच्या बाजूला काढायचो. दिसायला ध्यान दिसे, पण पोर रडत नसे. लढाईच्या दिवसांत कापड कंट्रोलात गेलं तेव्हा चिंध्यांचाही दुष्काळ पडला. तेरखेड्याच्या बाजारात दोन म्हाताऱ्या एका लालभडक तुकड्यावरून झिंज्या धरायला उठल्या. शेवटी मीच तो फाडून दोघींना अर्धा अर्धा दिला. अशी किती अंगडी शिवली असतील! शिवली, दिली, विसरलो. आमचा धंदाच तसा. कपडा दुकानातून गेला की तो आमचा नाही.

माझ्या घरी दोन मुलं झाली आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला. मार्था, माझी बायको, बाजेवरूनच हळू आवाजात म्हणाली, "अवं, आपुन बी पाच घरच्या चिंध्या मागू का? कुणाला कळतंय?"

मी कडाडलो. "आपण ख्रिस्ती हाय का कोण हाय? जगाला म्या शिवतो ते पोटासाठी. माझ्या पोराच्या अंगाला चिंधी लागायची न्हाय. देवानं दिलाय, देव राखील."

हे मी जरा मोठ्यानंच बोललो, चार घरी ऐकू जावं म्हणून. श्रद्धा शेरभर आणि ऐट मणभर, असा तो प्रकार होता. मार्था पुन्हा काही बोलली नाही. मी पांढऱ्या मलमलीचं अंगडं शिवलं, गळ्याला बारीक टीप घातली. बाप्तिस्म्यात नाव ठेवलं आनंद. धोंडू नाही, दगडू नाही. सगळ्या मंडळीत, म्हणजे गावच्या ख्रिस्ती जमातीत, मान ताठ करून फिरलो.

आनंद अडीच वर्षांचा झाला. मशीनखाली बसून दोऱ्यांची टोकं गोळा करायचा. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची लोखंडी टोपी, ती पायाच्या अंगठ्यात घालून लंगडत चालायचा आणि आपणच हसायचा. पावसाळा सरता सरता त्याला ताप आला. बैलगाडीनं भूमच्या दवाखान्यात नेलं, बाटली आणली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मार्थाच्या मांडीवर गेला. आम्ही प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणत असू. त्या देवळामागं त्याला पुरलं. अंगात पांढरं मलमलीचंच घातलं.

माती देऊन घरी आलो. उंबऱ्यापाशी कोपऱ्यात चिंध्यांचं गाठोडं होतं. ते बघितलं आणि एक विचार डोक्यात शिरला तो शिरलाच. जगाच्या पोरांना ही शिवली आणि आपल्या पोराला नाकारली. ऐटीपायी पोर घालवलं. मी शिकलेला, ख्रिस्ती, असल्या गोष्टी खोट्या म्हणून सांगणारा. पण दुःखात माणसाचं शिक्षण कुठल्या कुठं पळतं.

मार्थाही गप्प झाली. जेवायला वाढायची, पाणी ठेवायची, पण माझ्याकडं बघायची नाही. मी समजलो. तिनं मागितलं होतं, मी नाही म्हटलं होतं. आता ती काय बोलणार?

आमच्या मंडळीला पाद्रीसाहेब तीन-चार महिन्यांनी एकदा येत. तेव्हा प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. आदल्या शनिवारी दावीद मास्तर घरोघर फिरायचे. मास्तर म्हणजे आमच्या गावचे शाळामास्तर आणि उपदेशकही. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "कुणाशी अबोला हाय का? असंल तर आज मिटवा आन उद्या मेजाशी या." आमच्याकडं त्या दिवशी ते विचारायचे आणि मी म्हणायचो, "न्हाय." पण भाकरीची ताटली आली की मी मान खाली घालायचो. ताटली पुढं जायची. पलीकडं बायकांत मार्थाही पदर सावरत उठायची आणि बाहेर जायची. मी मनात म्हणायचो, बरोबर आहे. पोराचा घात करणाऱ्याबरोबर एका ताटलीतलं तिला नको असेल.

असं वर्ष गेलं. मग मला एक खूळ लागलं. मी शिवलेल्या अंगड्यांची पोरं जगली का, हे शोधायचं. जगली असतील तर मी गुन्हेगार. मेली असतील तर मी सुटलो. शिंपी कधी करत नाही ते मी करू लागलो, दिलेल्या कपड्याची चौकशी.

पहिली भेटली ती तेरखेड्याच्या बाजारात, एक शेतकरीण. शेजारी पाच-सहा वर्षांचा तगडा पोरगा, हातात ऊस. मी विचारलं, "बाई, हा तोच का?" ती म्हणाली, "व्हय, ह्योच आमचा धोंडू! तुमच्या हाताचा लई गुण बघा, मास्टर." आणि त्या पोराला लांबूनच मला रामराम करायला लावला. पोरगा ऊस चावत होता. मी मशीन टोपलीत घातली आणि बाजार अर्धा टाकून घरी आलो. दोन दिवस अंथरुणातून उठलो नाही.

दुसरी भूमच्या एका वाण्याची बायको, लिंगायत घरातली, माहेर कानडी मुलखातलं. कापड घेऊन आली होती. मी दबकत विचारलं. ती एकदम खाली बसली. म्हणाली, "अय्यो मास्टर, ते पोर तर बाराव्या दिवशीच गेलं की हो. अंगडं आंगावरच होतं." आणि मग बोलतच राहिली. बाळाच्या मुठीबद्दल, जावळाबद्दल, सासूबद्दल. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "इतक्या दिवसांत कुणी इचारलंच न्हाई बघा. तुम्हीच पहिले."

ती आशीर्वाद देऊन गेली. आणि मला काय वाटलं, ते सांगायला आजही लाज वाटते. मला बरं वाटलं. तिचं पोर अंगडं घालूनही मेलं हे ऐकून माझ्या छातीवरचा धोंडा हलला. ती माझ्यासमोर रडत होती आणि मी आतून सुटकेचा श्वास टाकत होतो. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली. दुसऱ्याच्या मेलेल्या लेकरावर आपण जगायला निघालो होतो.

मी चौकशी बंद केली. प्रार्थनाही बंद झाली. ओठ हलायचे, पण शब्द यायचा नाही.

आणखी काही महिन्यांनी पाद्रीसाहेब यायचे ठरले आणि शनिवारी सकाळी मास्तर दारात आले. मार्था मागच्या अंगणात ज्वारी पाखडत होती. मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून "न्हाय" निघेना. मी मशीनवर डोकं टेकलं आणि सगळं सांगून टाकलं. अंगड्याचं, ऐटीचं, वाण्याच्या बायकोचं.

मला वाटलं होतं, मास्तर रागावतील. इतकी वर्षं ऐकलेला उपदेश पाण्यात गेला म्हणतील. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "माझं बाप्तिस्म्याआधीचं नाव ठाव हाय का तुला?"

"न्हाय."

"केरू. का, ते तुला सांगाय नको. माझ्या आईनं मला चिंध्या घातल्या तशा माझ्या धाकट्या भावालाबी घातल्या. म्या हाय. तो न्हाय."

मी म्हणालो, "म्हंजे माझा गुन्हा न्हाय म्हणता?"

"न्हाय."

"मग मन का ऐकंना?"

मास्तर ओट्यावरून सरकून माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, "ऐकंना तर ऐकंना. गुन्हा हाय का न्हाय, हे तू बाजारोबाजार हिंडून ठरवाय निघालास. ते काम तुझं न्हाय, माझं बी न्हाय. उद्या त्या मेजाशी भाकर देतात ती काय गुन्हा तपासून देत न्हाईत, बाबा. हात पुढं करणाऱ्याला देतात. प्रभूनं स्वतःच्या दोस्ताच्या कबरीपाशी उभं राहून डोळं गाळलं. तुझ्या पोराच्या मातीपाशी तो उभा न्हवता असं वाटतंय का तुला? मार्थाशी बोललास का?"

"ती बोलत न्हाय."

"म्या तिचं इचारलं न्हाय. तू बोललास का?"

ते उठले आणि पुढच्या घरी गेले. वहाणेचा अंगठा तुटला होता, ती वहाण हातात धरून चालत होते.

मी मागच्या अंगणात गेलो. मार्थाच्या हातात सूप तसंच होतं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "मार्था, तू चिंध्या मागू म्हणालीस, म्या ऐकलं न्हाय. माझ्यापायी गेलं पोर. तुला माझं तोंड बघू वाटत न्हाय, ते बरोबर हाय."

तिचा हात थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली, जसं काही मी परक्या भाषेत बोललो. मग उठली, घरात गेली, धान्याच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी आणून माझ्यापुढं टाकलं.

आत अंगडं होतं. पाच घरच्या चिंध्यांचं. हातानं शिवलेलं, टाके वेडेवाकडे, एक बाही लांब. शिवणी मात्र बाहेरच्या बाजूला होत्या. ते तिनं मला बघून बघूनच उचललं असणार. माणूस जेवलाय की उपाशी हे ओळखणाऱ्या माझ्या नजरेला घरातलं हे कधी दिसलं नव्हतं. एक तुकडा दावीद मास्तरांच्या धोतराच्या काठाचा होता. तो मी ओळखला, धोतराला टीप मीच मारली होती. मास्तरीणबाईंनी गुपचूप दिला असणार. ही गोष्ट मी मास्तरांना शेवटपर्यंत सांगितली नाही.

मार्था म्हणाली, "तुम्ही बाजाराला गेला की म्या हे घालायची त्याला. तुम्ही यायच्या आत काढायची. तुमच्या पांढऱ्याच्या आतनं बी घातलं हाय कैकदा. दोन वर्सं. देवाला फसवलं म्या. देवावर भरवसा ठेवते म्हणून मंडळीत उभी ऱ्हायले आन घरात चिंध्या घातल्या. त्यापायी देवानं नेला त्याला. तुम्हाला कळलं तर तुम्ही माझं तोंड बघणार न्हाय, म्हणून म्याच खाली बघत हुते."

पहिल्यांदा मला राग आला. खरं सांगतो, भयंकर राग. "दोन वर्सं माझ्या पाठीमागं!" असं ओरडलोही. ओरडता ओरडताच उमगलं की ज्या गोष्टीसाठी मी वर्षाहून जास्त काळ स्वतःला फाशी देत होतो ती घडलीच नव्हती. पोराच्या अंगावर चिंध्या होत्या. आणि ज्या गोष्टीसाठी ती स्वतःला जाळत होती, त्या गोष्टीवर माझा क्षणभरही विश्वास बसला नाही. मी म्हणालो, "अगं, लेकराला जपलंस म्हणून देव लेकरू मारील व्हय? असला देव आपल्याला कुणी शिकवला?"

ती म्हणाली, "मग तुम्ही न्हाय म्हणालात म्हणून तरी तो मारील का?"

आम्ही नवराबायको एका मरणाची मालकी सांगत बसलो होतो, दोन कोपऱ्यांत, एकमेकांना न विचारता.

मग तिनं लहान मुलासारखं विचारलं, "मग तो गेला कशानं?"

मी म्हणालो, "तापानं."

"तापानं?"

"तापानं गेला, मार्था. ताप आला आन गेला."

ती रडायला लागली. मीही. तोवर आम्ही रडलो नव्हतो असं नाही, पण ते आपापल्या गुन्ह्यासाठी रडणं होतं. पोरासाठी आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. सुपातली ज्वारी कोंबड्यांनी खाल्ली, कुणी हाकललं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवळात गेलो. चमत्कार वगैरे काही झाला नाही, तसं सांगितलं तर ते खोटं होईल. ताटली आली, मी हात पुढं केला. भाकर हातात आली तेव्हा मनातून एवढंच निघालं, प्रभू, तुझ्याकडं आहे तो, सांभाळ. कित्येक महिन्यांनी आलेला तो पहिला शब्द. दुःख संपलं नाही. आज इतकी वर्षं झाली, पुढं मूलही झालं नाही, आणि दुःख आहेच, पण ते आता आमच्यात राहतं, आमच्या मधे नाही. त्या दिवशी मान वर करून बघितलं तर पलीकडं मार्था जागची उठली नव्हती. तिच्याही हातात तुकडा होता.

बाहेर पडताना दावीद मास्तर दारात उभे होते. नव्या अंगठ्याची वहाण, चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद. चार माणसांदेखत म्हणाले, "काय मार्थाबाई, मिटलं का भांडण?"

मार्थानं डोक्यावरचा पदर नीट केला.

"भांडण न्हवतंच, मास्तर," ती म्हणाली. "आमचं पोरगं गेलं हुतं."